टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) टॉवर आणि वैमानिक यांच्यात घोळ नेमका कुठे होतो?

जालना_रोड

जाणकारांसाठी प्रश्न आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारं ए-३५० हे प्रवासी विमान रनवेवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या डॅश-८ वर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण वाचले, छोट्यातल्या सहापैकी पाच गेले. टॉवरचं वाक्य जाहीर झालेलं आहे: 'नंबर वन, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह.' वैमानिकाने तेच शब्द परत म्हटले आणि वर थँक्यूही म्हणाला. मग ते छोटं विमान होल्डिंग पॉइंट (रनवेच्या अलीकडची थांबायची जागा) ओलांडून रनवेवर गेलं कसं?

'इंग्रजी कच्चं' हे ठरलेलं उत्तर इथे चालत नाही. दोन्हीकडे जपानीच माणसं होती आणि वाक्यात एकही अवघड शब्द नव्हता. दुसरं असं, की औरंगाबादच्या चिकलठाणा किंवा नांदेडसारख्या एकाच रनवेच्या विमानतळावर हा धोका कमी म्हणायचा की जास्त?

स्ट्रिप_बोर्ड

कळीचा शब्द 'नंबर वन'. टॉवरच्या लेखी त्याचा अर्थ 'निघण्याच्या रांगेत तू पहिला', एवढाच. पण घाईत असलेल्या माणसाला तो 'आता तुझीच पाळी' असा ऐकू येतो. ते विमान आदल्या दिवशीच्या भूकंपाची मदत घेऊन निगाताला निघालं होतं, म्हणजे घाई होतीच. अपघातानंतर जपानने हा क्रमांक सांगणं काही काळ बंद ठेवलं. त्यात भर म्हणजे सी-५ वरची स्टॉप बारची लाल दिव्यांची पट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. विमान सुमारे ४० सेकंद रनवेवर उभं होतं. रनवेवर कोणी घुसलं की पडद्यावर दाखवणारी सोय टॉवरमध्ये होती, पण तिकडे लक्ष गेलं नाही.

रीडबॅकबद्दल, म्हणजे वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवण्याबद्दल, एक गैरसमज सगळीकडे आहे. लोकांना वाटतं, रीडबॅक बरोबर म्हणजे वैमानिकाला समजलं. तसं नाही. रीडबॅकने जिभेची आणि कानाची चूक पकडली जाते. 'अल्फा'च्या जागी 'ब्राव्हो' ऐकलं, रनवे २७ चं ०९ झालं, तर ते लगेच उघडं पडतं. डोक्यातल्या नकाशाची चूक त्यातून दिसत नाही.

याचं लख्ख उदाहरण म्हणजे मिलानचं लिनाते, ८ ऑक्टोबर २००१. धुकं दाट होतं. छोट्या सेसना सायटेशनला सांगितलं रोमिओ-५ या टॅक्सीवेने (विमानांच्या जमिनीवरच्या वाटेने) उत्तरेला जा. वैमानिकाने रोमिओ-५ असंच परत म्हटलं आणि गेला रोमिओ-६ ने, थेट मुख्य रनवेकडे. वाटेत लाल दिव्यांची पट्टीसुद्धा ओलांडली. तिकडून एमडी-८७ प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत होतं. ११८ माणसं गेली. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार तेव्हा चालू नव्हतं.

आता यातली हुकलेली संधी बघा. सेसनाच्या वैमानिकाने मध्येच कळवलं होतं, की आपण 'सिएरा-४' जवळ आलोय. ही खूण टॅक्सीवेवर रंगवलेली होती, पण नकाशात नव्हती आणि कंट्रोलरलाही माहीत नव्हती. 'सिएरा-४ म्हणजे कुठे?' एवढा एक प्रश्न विचारला गेला असता तर विमान चुकीच्या वाटेवर आहे हे कळलं असतं. म्हणून टॉवरवर नुसते शब्द तपासून भागत नाही, जागा विचारावी लागते. आणि वैमानिकाने सांगितलेली जागा ओळखीची नसेल तर तिथल्या तिथे थांबवावं लागतं.

गोदाकाठ

उत्तम माहिती. आपल्याकडे फोनवर समोरचा 'हं… हं…' करत असतो, म्हणजे त्याला पटलं असं नसतं, फक्त ऐकू येतंय एवढंच असतं. 'रॉजर'चं तसंच आहे का?

स्ट्रिप_बोर्ड

अगदी तसंच. रॉजर म्हणजे 'तुझं शेवटचं बोलणं मला पूर्ण मिळालं'. त्यात 'करतो' नाही की 'परवानगी आहे'ही नाही. 'करतो'साठी विल्को. 'हो'साठी अफर्म, 'नाही'साठी निगेटिव्ह. 'स्टँडबाय' म्हणजे 'थांब, मीच बोलावतो', तोही होकार नव्हे. रनवेशी संबंधित सूचनेला नुसतं रॉजर म्हणून चालतच नाही. आत शिरा, ओलांडा, अलीकडे थांबा, बॅकट्रॅक करा (रनवेवरूनच उलट जा), उड्डाण करा, उतरा, या प्रत्येकाचं रनवेच्या नंबरासकट आणि कॉलसाइनसकट (विमानाच्या रेडिओवरच्या नावासकट) रीडबॅक सक्तीचं आहे. नुसतं रॉजर आलं तर कंट्रोलरने ते मागून घ्यायचं.

आणि इथे दुसऱ्या बाजूची चूक येते, जिची चर्चा कमी होते. वैमानिकाने रीडबॅक दिलं आणि टॉवर गप्प राहिला, तर वैमानिक ते बरोबर धरून चालू लागतो. मौनं संमति. पण टॉवर गप्प असण्याचं कारण एरिया कंट्रोलचा (वरच्या मार्गावरची विमानं सांभाळणाऱ्यांचा) फोन कानाला होता हे असू शकतं. किंवा खाली मान घालून स्ट्रिपवर (प्रत्येक विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर) वेळ लिहिणं चालू होतं. रीडबॅक सुरू असताना दुसरं काम हातात घ्यायचं नाही, हा नियम सांगायला सोपा आहे. एकाच माणसाकडे ग्राउंड (टॅक्सीवेवरची विमानं) आणि टॉवर (रनवे) दोन्ही असतील तेव्हा तो पाळणं अवघड जातं.

उजवी_सीट

कॉकपिटच्या बाजूने लिहितो. आधी जालना_रोड यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एकच रनवे असला की चुकीच्या रनवेवर जाण्याचा धोका जवळपास जातो. अमेरिकेत लेक्सिंग्टनला २७ ऑगस्ट २००६ ला विमानाने लांब रनवेऐवजी आखूड रनवेवरून धाव घेतली आणि ४९ जण गेले. तसं इथे होणार नाही. पण त्या बदल्यात बॅकट्रॅक गळ्यात पडतो. समांतर टॅक्सीवे नसेल तर विमानाला रनवेवरूनच उलट टोकापर्यंत जावं लागतं, तिथे वळून तोंड फिरवावं लागतं. तेवढा वेळ रनवे अडलेला.

हिशेब करून बघा. चिकलठाण्याचा रनवे साधारण २,८०० मीटर. २० नॉटने टॅक्सी म्हणजे सेकंदाला सुमारे १० मीटर. पूर्ण लांबी काटायची तर साडेचार मिनिटं, वळायला वेगळा वेळ. तेवढ्यात १४० नॉटने येणारं विमान जवळपास २० किलोमीटर पुढे सरकतं. म्हणजे बॅकट्रॅक सुरू होताना येणारं विमान १० नॉटिकल मैलांवर (साधारण साडेअठरा किलोमीटर) असेल तर गणित आधीच बिघडलेलं आहे. अशा वेळी टॉवर वैमानिकाला घाई करायला सांगतो, वैमानिक मान खाली घालून चेकलिस्ट उरकतो आणि नेमका त्याच वेळी रूट क्लिअरन्स (उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं ते) वाचून दाखवला जातो.

स्पेनच्या तेनेरिफे बेटावर हेच झालं. २७ मार्च १९७७, लॉस रोदेओस, दोन जंबो ७४७, एक डच आणि एक पॅन ॲमचं, ५८३ मृत्यू. तिथेही रनवेवरूनच बॅकट्रॅक चालू होता आणि धुकं होतं. डच विमान वळून उभं राहिल्यावर त्याला रूट क्लिअरन्स दिला गेला. उड्डाणाची परवानगी नव्हती, पण त्या क्लिअरन्समध्ये 'टेक-ऑफ' हा शब्द होता. सहवैमानिकाने रीडबॅक केलं आणि शेवटी जोडलं, 'वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ'. टॉवरला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. प्रत्यक्षात विमान सुटलं होतं. आपण निघताना 'येतो' म्हणतो आणि परक्याला वाटतं हा माणूस यायला लागलाय, त्यातला प्रकार.

यावरून दोन नियम आले. 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा. एरवी 'डिपार्चर': 'रेडी फॉर डिपार्चर', 'आफ्टर डिपार्चर'. आणि रूट क्लिअरन्स शक्यतो इंजिन सुरू करण्याआधी, स्टँडवरच द्यायचा. लाइन अप करताना (उड्डाणासाठी रनवेवर येऊन उभं राहताना) किंवा धावताना तर कधीच नाही.

जालना_रोड

पण तेनेरिफेला टॉवरने 'स्टँडबाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू' असं म्हटलं होतं ना?

व्हीएचएफ_वाला

म्हटलं होतं, पण आधी 'ओके' म्हणून मग थोडं थांबून. ओके पोहोचलं. पुढचं वाक्य आणि पॅन ॲमचं 'अजून आम्ही रनवेवरच आहोत' हे एकाच वेळी हवेत गेलं. डच कॉकपिटमध्ये ऐकू आली ती जवळजवळ चार सेकंदांची कर्कश शीळ.

कारण समजून घ्या. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ संच ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनवर (एएम) चालतो, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. एफएमवर दोन आवाज आले तर जोरकस आवाज कमजोराला गिळतो, दुसरा बोलत होता हे कळतही नाही. एएमवर दोन्ही वाहक लहरी रिसीव्हरमध्ये एकत्र येतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक शीळ होऊन ऐकू येतो. म्हणजे शीळ ही बिघाडाची खूण नाही, 'दोघं एकदम बोलले' असा निरोप आहे. शीळ ऐकली की 'से अगेन' म्हणायलाच हवं. अंदाजाने रिकामी जागा भरायची नाही.

बाकी बारीकसारीक: बटण पूर्ण दाबून अर्धा श्वास थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुतेक वेळा कॉलसाइनच असतो. बोलण्याआधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका. बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर नको, आकड्याआधी आणि नंतर किंचित थांबा. फिफ्टीन-फिफ्टी म्हणायचं नाही, वन फाइव्ह आणि फाइव्ह झीरो. नाइनचं 'नायनर' झालं तेही यासाठीच. बटण अडकून राहिलं तर अख्खी फ्रिक्वेन्सी बंद पडते आणि अडकवणाऱ्यालाच ते कळत नाही.

परभणी_जंक्शन

रेल्वेवाला बोलतोय, विषयाला सोडून वाटलं तर दुर्लक्ष करा. आमच्याकडे फाटक बंद झालं की गेटमन स्टेशन मास्तरला प्रायव्हेट नंबर देतो. तो आकडा मिळून वहीत लिहिला गेल्याशिवाय सिग्नल देत नाहीत. त्याचा फायदा असा, की काम न करता नुसतं 'हो साहेब' म्हणून सुटता येत नाही. विमानात असं काही नाही का? आपल्या एसटीत पण बघा, एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिथे गोड बोलण्याला वावच ठेवलेला नाही.

उजवी_सीट

वा, बरोबर जागी बोट ठेवलंत. विमानात त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे स्टॉप बार. होल्डिंग पॉइंटवर आडवी लाल दिव्यांची ओळ. तोंडी परवानगी मिळाली तरी लाल पट्टी पेटलेली असेल तर ओलांडायची नाही, आणि पट्टी विझली पण परवानगी नाही तरीही ओलांडायची नाही. दोन्ही लागतात. दोघांत विसंगती दिसली की थांबून विचारायचं.

ती नसेल तर डोळ्यांवर भिस्त. होल्डिंग पॉइंटला चार पिवळ्या रेघा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही थांबायचं. तुटक बाजूने येणारा रनवे सोडतोय, त्याने न थांबता ओलांडून बाहेर पडायचं. शेजारी लाल पाटीवर पांढरे आकडे. प्रिसिजन ॲप्रोचच्या (उपकरणांच्या मदतीने अचूक उतरण्याच्या) मोठ्या रनवेला ही जागा मध्यरेषेपासून ९० मीटरवर असते, म्हणजे कॉकपिटमधून रनवे अजून लांब वाटतो. नवख्याला वाटतं अजून पुढे जायला हरकत नाही. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आहात ते. पिवळ्या पाटीवर काळं म्हणजे पुढे कुठे वळायचं ते. लोक हे उलटं लक्षात ठेवतात.

टो_बार

एक गोष्ट राहूनच गेली बघा. सगळे टॉवर-टॉवर करायलेत, पण विमान हलतं ते आधी ट्रॅक्टरवर. पुशबॅकला (विमान मागे ढकलताना) बोलणं तिघांत असतं: टॉवर, कॅप्टन आणि खाली हेडसेट लावलेला माणूस. टॉवर म्हणतो 'पुशबॅक अप्रूव्ह्ड, फेस ईस्ट'. म्हणजे नाक पूर्वेला. खाली पोहोचेपर्यंत त्याचं नुसतं 'ईस्ट' होतं. ट्रॅक्टरवाला ढकलायलाय शेपटीकडं, त्याच्या डोक्यात शेपटीचीच दिशा असते. झाला घोळ, विमान उलट्या तोंडानं उभं. त्यामुळं कायम 'नाक पूर्व' असं दोन शब्दात सांगायचं आणि खालच्यानं ते परत म्हणायचं.

दुसरं, ब्रेक. 'ब्रेक रिलीज्ड' ऐकल्याशिवाय ढकलायचं नाही, आणि संपल्यावर 'ब्रेक सेट' ऐकल्याशिवाय ट्रॅक्टर आणि विमान जोडणारा बार काढायचा नाही. कॅप्टनचा स्विच इंटरफोनऐवजी रेडिओवर राहिला असला तर तो 'ब्रेक रिलीज्ड' ग्राउंड फ्रिक्वेन्सीवर म्हणून मोकळा होतो. सगळ्या गावाला ऐकू जातं, फक्त खालच्याला नाही.

तिसरं, बायपास पिन. नाकाच्या चाकाचं स्टिअरिंग त्या पिननं तात्पुरतं सुटं केलेलं असतं. ती काढून लाल फीत धरून कॅप्टनला दाखवायची, त्याचा हात वर झाला की मगच बाजूला व्हायचं. पिन आत राहिली तर विमान टॅक्सीला निघतं आणि वळतच नाही.

गोदाकाठ

'सगळ्या गावाला ऐकू जातं' 😄

बरं, १९९३ चा औरंगाबादचा अपघात या विषयात बसतो का?

स्ट्रिप_बोर्ड

रेडिओच्या घोळात नाही बसत. जमिनीवरच्या ताळमेळात बसतो. २६ एप्रिल १९९३, इंडियन एअरलाइन्सचं फ्लाइट ४९१, बोइंग ७३७, मुंबईला निघालेलं. रनवेच्या टोकापलीकडे रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक जात होता. उचलत्या विमानाची चाकं आणि डावं इंजिन त्याला लागलं, पुढे ते विजेच्या तारांत गेलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं हे मुख्य कारण निघालं, आणि त्याच्या जोडीला उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक न रोखणं. परभणी_जंक्शन म्हणतात तो फाटकाचाच प्रश्न. 'रस्ता बंद झाला' हा निरोप उड्डाणाच्या परवानगीला बांधलेला हवा.

हेच विमानतळाच्या आतल्या जीपलाही लागू. रनवे तपासणी, पक्षी हाकलणं, कुत्रं शिरलं म्हणून धावणं, ही गाडी वॉकीटॉकीवर आणि विमान व्हीएचएफवर असेल तर दोघं एकमेकांचं ऐकतच नाहीत. मध्ये फक्त कंट्रोलरची आठवण. म्हणून गाडी आत गेली की रनवेच्या रकान्यात लाल 'अडलेला' स्ट्रिप ठेवायचा. 'रनवे व्हेकेटेड' ऐकून, खिडकीतून गाडी बघून मगच काढायचा. लॉस एंजेलिसला १ फेब्रुवारी १९९१ ला कंट्रोलर रनवेवर उभं केलेलं छोटं विमान विसरला आणि त्याच रनवेवर ७३७ ला उतरायला दिलं. ३५ मृत्यू. तिथे कोणी काही चुकीचं ऐकलं नव्हतं.

उडता_विद्यार्थी

परीक्षेची तयारी चालू आहे. 'बिहाइंड द लँडिंग एअरबस' वाल्या सशर्त परवानगीत शेवटी परत 'बिहाइंड' कामून म्हणतात?

व्हीएचएफ_वाला

वर लिहिलंय ना, पहिला शब्द कापला जातो. 'बिहाइंड द लँडिंग ए-थ्री-ट्वेंटी, लाइन अप अँड वेट, बिहाइंड.' सुरुवात कापली गेली तर उरतं नुसतं 'लाइन अप अँड वेट', आणि ते ऐकून माणूस थेट उतरणाऱ्याच्या पुढ्यात. शेवटचं 'बिहाइंड' हा त्याचा विमा. क्रम असा: कॉलसाइन, अट, परवानगी, अट पुन्हा.

उजवी_सीट

त्यात भर. ते विमान कंट्रोलर आणि वैमानिक दोघांनाही दिसत असेल तरच ही परवानगी. ॲप्रोचवर (उतरायला येणाऱ्या वाटेवर) दोन ए-३२० असतील तर 'कोणतं?' हे विचारणं तुमचं काम.

भाषेच्या चाचणीचंही विचारशीलच. आयसीएओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) किमान पातळी ४, ती दर तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. ५ ला सहा वर्षं, ६ ला पुन्हा नाही. उच्चार, रचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन, संवाद अशा सहा बाबी, आणि सहांतली सगळ्यात खालची तीच तुझी पातळी. ओघ सहा नंबरी आणि उच्चार तीन नंबरी असेल तर निकाल तीन.

रनवेत शिरण्याआधीची सवयही लावून घे: टॅक्सीची वाट कागदावर लिहायची, नकाशावर बोट ठेवून दोघांनी एकदम बघायची, दोघांचं ऐकणं वेगळं असेल तर विचारल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही. आणि शिरताना ॲप्रोचच्या बाजूला मान वळवून बघायचं, परवानगी असली तरी. ४५२ आणि ५४२ असे दोन कॉलसाइन एकाच वेळी असतील तर दुसऱ्याचं रीडबॅकही कान देऊन ऐक. तुझी परवानगी तो घेऊन जातोय का, हे तुलाच पहिलं कळेल.

उडता_विद्यार्थी

आभारी आहे. शेवटचं: बॅकट्रॅकमध्ये रेडिओच गेला तर?

स्ट्रिप_बोर्ड

टॉवरकडे बघत राहायचं, दिव्याची बंदूक येते. जमिनीवरच्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उड्डाण कर, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी कर, स्थिर लाल म्हणजे थांब, लुकलुकता लाल म्हणजे रनवे सोड, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालास तिथे परत ये. पोचपावती म्हणून दिवसा पंखावरचं एलेरॉन किंवा शेपटीवरचं रडर हलवायचं, रात्री लँडिंग लाइट दोनदा. आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. चिकलठाण्याचा ०९-२७ रनवे पूर्व-पश्चिम, त्यामुळे संध्याकाळी २७ कडे (पश्चिमेला) तोंड केलं की सूर्य थेट डोळ्यात येतो आणि बंदुकीचा दिवा दिसतच नाही. मग टॉवर फॉलो-मी जीप पाठवतो. ती समोर येईपर्यंत ब्रेक लावून उभं राहा, सगळे दिवे चालू ठेव, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७६००, म्हणजे रेडिओ गेल्याचा आकडा, लाव.